स्लॅब सेरिफ फाँट: ओळख, निवड आणि वापर

रोमन लिपीतल्या अनेक छापील अक्षरांच्या दांड्यांना टोकाशी एक लहान आडवी रेघ असते आणि तिला सेरिफ म्हणतात. टाइम्स न्यू रोमनमध्ये ही रेघ बारीक असते व टोकाकडे निमुळती होत जाते, हेल्व्हेटिकामध्ये ती नसतेच, आणि स्लॅब सेरिफ प्रकारात ती इतकी जाड असते की तिला रेघ म्हणण्यापेक्षा ठोकळा म्हणणे अधिक रास्त ठरावे. घराच्या छतासाठी आपण जो ‘स्लॅब’ शब्द वापरतो तोच हा शब्द आहे आणि अर्थही जवळपास तोच आहे: सपाट, जाड आणि कडा सरळ असलेला. पुढे सोयीसाठी या ठोकळ्याला मी ‘पाय’ म्हणणार आहे, मग तो अक्षराच्या माथ्यावर असला तरी.

नव्याने मांडणी शिकणाऱ्याला या प्रकाराबद्दल सहसा एवढेच सांगितले जाते की हा ‘दणकट’ फाँट आहे. ते खोटे नाही, पण तेवढ्यावर निवड केली की घोटाळा होतो, कारण एकाच नावाखाली येथे निरनिराळ्या स्वभावांची घराणी नांदतात: एक लांबून दिसावे म्हणून घडलेले, दुसरे साध्या मजकुरात एखादा शब्द ठळक करण्यासाठी घडलेले, तिसरे पट्टी-कंपासने आखल्यासारखे, आणि चौथे टाइपरायटरच्या यंत्राच्या गरजेतून आलेले. म्हणून फाँटचे नाव किंवा लोकप्रियता पाहण्याआधी त्याचा पाय पाहावा. घराणे कळले की पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

पहिली पायरी: पाय दांड्याला कसा जोडला आहे ते पाहा

कोणत्याही लेखनाच्या प्रोग्राममध्ये कॅपिटल ‘एच’ हे एकच अक्षर २०० पॉइंट आकारात टाइप करा आणि दांडा व पाय जिथे मिळतात त्या कोपऱ्याकडे नजर लावा. कोपरा काटकोनात कापल्यासारखा आहे, की तिथे लहानशी गोलाई भरून पाय दांड्यात मिसळवला आहे? दुसरे, पायाची जाडी दांड्याइतकीच आहे, की थोडी कमी? मग लहान लिपीतील ‘ए’, ‘सी’ आणि ‘आर’ ही अक्षरे घ्या आणि त्यांची मोकळी टोके गोळीसारखी गोल आहेत की सपाट छाटलेली आहेत ते पाहा. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की ओळख बहुतांशी पुरी होते.

कोपरा गोलाईविना, पाय दांड्याइतकाच जाड आणि एकूण अक्षर काळेभोर असेल, तर ते जुन्या ‘इजिप्शियन’ घराण्याचे मानावे. लंडनमध्ये खिळे (छपाईची सुटी अक्षरे) ओतण्याचा व्यवसाय करणाऱ्या व्हिन्सेंट फिगिन्स यांच्या नमुना-पुस्तकात १८१५ च्या सुमारास असा टाइप दिसतो आणि तिथे त्याचे नाव ‘अँटिक’ असे आहे. त्या काळी पुस्तकांत प्रतिष्ठित मानल्या जाणाऱ्या अक्षरांच्या आडव्या रेघा केसासारख्या बारीक असत. जाहिरातीच्या कागदावर त्या लांबून दिसत नसत आणि छपाईच्या दाबाने झिजत वा तुटत. अक्षराची सगळी अंगे सारखी जाड केली की दोन्ही अडचणी मिटत होत्या. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर युरोपात इजिप्तची मोठी हौस निर्माण झाली होती आणि तिच्या लाटेत ‘इजिप्शियन’ हे नाव चिकटले. इजिप्तच्या लिपीशी या अक्षरांचा काहीही संबंध नाही. गंमत अशी की १८१६ मध्ये विल्यम कॅस्लन चौथे यांनी ‘इजिप्शियन’ म्हणून जो टाइप दाखवला त्याला पायच नव्हते. नावावरून ओळख पटवू नये हा धडा त्या दोनशे वर्षांपूर्वीच्या गोंधळात आहे.

कोपऱ्यात गोलाई, उभ्या व आडव्या रेघांच्या जाडीत बेताचा फरक आणि टोकांना गोळ्या दिसल्या, तर ते क्लॅरेंडन घराणे होय. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीचे (खिळे ओतण्याच्या कारखान्याचे) रॉबर्ट बेस्ली यांनी १८४५ मध्ये तो टाइप बाजारात आणला आणि त्याचे ठसे बेंजामिन फॉक्स यांनी कोरले होते. शब्दकोशातील नोंदशब्द किंवा सूचीतील नाव साध्या मजकुराच्या ओळीतच उठून दिसावे हा त्याचा हेतू होता. आज आपण ‘बोल्ड’चे बटण ज्या कामासाठी दाबतो ते काम त्या काळी या वेगळ्या टाइपकडे होते. बेस्ली यांनी रचनेची नोंदणी केली, पण ते संरक्षण तीनच वर्षांचे होते आणि ते संपताच इतर फाउंड्र्यांनी नकला काढल्या. क्लॅरेंडन ओळखण्याची माझी स्वतःची खूण म्हणजे कॅपिटल ‘आर’चा उजवा पाय, जो खाली टेकून पुन्हा शेपटीसारखा वर वळतो. हे अक्षर दणकट असूनही प्रेमळ वाटते, आणि नवख्याने पहिला स्लॅब निवडताना याच घराण्याकडे आधी वळावे असे माझे मत आहे.

तिसरे घराणे भूमितीचे आहे. तिथे ‘ओ’ जवळपास पूर्ण वर्तुळ असतो, रेघ सगळीकडे एकाच जाडीची असते आणि कोपऱ्यात गोलाई नसते. १९२९ मध्ये रुडॉल्फ वोल्फ यांचा मेम्फिस, १९३१ मध्ये कार्नाक, १९३४ मध्ये मोनोटाइपचा रॉकवेल असे हे टाइप पाठोपाठ आले आणि मेम्फिस, कार्नाक ही इजिप्तमधल्या प्राचीन स्थळांची नावे पाहता शंभर वर्षांनंतरही इजिप्तचे भूत उतरलेले नव्हते हे दिसते. रॉकवेलच्या कॅपिटल ‘ए’च्या शेंड्यावरसुद्धा एक आडवा ठोकळा बसवलेला आहे, तो एकदा पाहिला की रॉकवेल कुठेही ओळखू येतो.

चौथे घराणे टाइपरायटरचे आहे. यंत्रात प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळत असल्याने ‘आय’सारख्या सडपातळ अक्षराला लांब पाय देऊन रुंद करावे लागे आणि ‘एम’ला अंग चोरून बसावे लागे. हॉवर्ड केटलर यांनी १९५० च्या दशकात आयबीएमसाठी आखलेला कुरियर हा त्याचा सर्वांत परिचित नमुना आहे. संगणकावरचा कुरियर न्यू मात्र फिकट दिसतो, कारण त्यात यंत्रावरच्या अक्षराची जाडी आली आणि रिबनची शाई कागदावर पसरून जी भर पडत असे ती आलीच नाही.

यांखेरीज उलट्या जाडीचाही एक प्रकार आहे, ज्यात दांडा बारीक आणि पाय भलताच जाड असतो. जुन्या लाकडी खिळ्यांच्या पोस्टरांमुळे तो सर्वांच्या ओळखीचा आहे. त्याला पाहताच अमेरिकेतील घोडेस्वार आणि बंदुका आठवतात, म्हणून तो विषय नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी पायरी: काम ठरवा

काम ठरवताना एकच प्रश्न विचारावा: हा मजकूर वाचक पाहणार आहे की वाचणार आहे? मथळा, पाटी, मुखपृष्ठ, मोठा आकडा, बोधचिन्ह या गोष्टी प्रथम पाहिल्या जातात, आणि तिथे इजिप्शियन व भूमितीय घराण्यांना तोड नाही. आयबीएमचे बोधचिन्ह याचा उत्तम दाखला आहे. पॉल रँड यांनी १९५६ मध्ये ते गेऑर्ग ट्रंप यांच्या सिटी या चौकोनी वळणाच्या स्लॅबच्या आधाराने घडवले आणि १९७२ मध्ये त्याच अक्षरांचे आठ आडव्या पट्ट्यांत तुकडे केले. एवढी कापाकापी करूनही तीन अक्षरे तत्काळ वाचता येतात, कारण दांडे आणि पाय दोन्ही भरभक्कम असल्याने प्रत्येक पट्टीत अक्षराचा पुरेसा अंश शिल्लक राहतो. बारीक रेघांच्या अक्षरावर हा प्रयोग केला तर हाती नुसत्या ठिपक्यांच्या रांगा येतील.

सलग वाचायच्या मजकुरासाठी मात्र क्लॅरेंडनकडे झुकणारे किंवा हाताच्या लेखणीचे वळण राखणारे सौम्य स्लॅबच घ्यावेत. पीटर मॅथियास नोर्डझाय यांचा पीएमएन सेसिलिया या जातीचा आहे. २००७ मध्ये आलेल्या पहिल्या किंडल वाचनयंत्राचा पडदा सहा इंची होता आणि त्यावर इंचाला १६७ ठिपकेच बसत. छापील पानाच्या मानाने ते फारच विरळ. अशा पडद्यावर बारीक सेरिफ अर्धवट उमटतो किंवा नाहीसा होतो, तर जाड पाय संपूर्ण ठिपका व्यापून स्पष्ट उमटतो, आणि त्या यंत्रावर पुस्तके सेसिलियातच दिसत हे या कारणाने उचित होते. निकृष्ट कागद, झेरॉक्सची झेरॉक्स, पावतीचा प्रिंटर, कापडावरची छपाई या सगळ्यांना हाच न्याय लागू पडतो. छपाईचे माध्यम जितके भरड, तितका स्लॅब कामाचा.

टाइपरायटर घराण्याचे क्षेत्र लहान पण पक्के आहे. १२ पॉइंट कुरियरमध्ये एका इंचात नेमकी १० अक्षरे बसतात, त्यामुळे रकाने आपोआप एका रेषेत येतात. इंग्रजी पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचा साधारण एक मिनिट, हा हिशेबसुद्धा याच ठरावीक रुंदीवर चालतो. केवळ जुनेपणाचा आव आणण्यासाठी कुरियर वापरण्याची हौस मला तरी पटत नाही.

अरुंद रकाना, तळटीपा, फोनच्या पडद्यावरची छोटी बटणे या ठिकाणी स्लॅब टाळावा. पायांमुळे अक्षर रुंद होते आणि ते रुंदीचे भाडे प्रत्येक ओळीत भरावे लागते.

तिसरी पायरी: वजन आणि आकार

वजन म्हणजे दांड्याची जाडी. आजच्या अनेक फाँटमध्ये ते १०० ते ९०० अशा आकड्यांत मोजलेले असते. रोबोटो स्लॅब आणि बिटर या दोन्हींत हा पूर्ण पल्ला मिळतो. नवखा माणूस दणकटपणाच्या शोधात थेट ८०० किंवा ९०० वर जातो आणि तिथेच फसतो. अक्षर जाड होते तेव्हा बाहेरच्या बाजूला वाढायला फारशी जागा नसते, त्यामुळे जाडी आतल्या पोकळीत घुसते. लहान लिपीतील ‘ए’चे पोट आणि ‘ई’चा डोळा बुजत जातो. त्यात स्लॅबचे पायही जाड झालेले असतात. माझ्या पहिल्या पुस्तिकेचे उपमथळे मी ११ पॉइंटांत सर्वांत जड वजनाने लावले होते. पडद्यावर ते झोकदार दिसले. छापून आल्यावर प्रत्येक ‘ई’ म्हणजे शाईचा एक गोळा झाला होता.

त्यातून बसवलेला माझा नियम असा आहे: सलग मजकुराला ४००, लहान उपमथळ्याला ५०० किंवा ६००, २४ पॉइंटांच्या पुढे ७००, आणि सर्वांत जड वजन फक्त हाताच्या बोटाएवढी उंच अक्षरे असतील तेव्हाच. हा नियम प्रत्येक फाँटला थोडा वेगळा बसेल. उलट दिशेने पाहिले तर अगदी हलक्या वजनाचा स्लॅब तारेने वळवल्यासारखा नाजूक दिसतो आणि मोठ्या आकारात फार देखणा वाटतो, पण त्याच्याकडून दणकटपणाची अपेक्षा ठेवू नये.

चौथी पायरी: अंतर

स्लॅब सेरिफची खरी परीक्षा इथे आहे, म्हणून या पायरीवर घाई करू नका. रोमन लिपीत ‘मिनिमम’ हा शब्द सगळा लहान अक्षरांत टाइप करा. सात अक्षरांच्या या शब्दात १५ उभे दांडे आहेत: तीन ‘एम’चे नऊ, ‘एन’चे दोन, दोन ‘आय’चे दोन आणि ‘यू’चे दोन. ‘यू’चा डावा दांडा खाली वळून जातो तेवढा सोडला, तर उरलेल्या १४ दांड्यांना तळाशी पाय असतो. हा शब्द हेल्व्हेटिकात लावल्यास दांड्यांमध्ये तळाशी मोकळी जागा राहते. स्लॅबमध्ये तिथे डावी-उजवीकडे पसरलेले १४ ठोकळे एका रांगेत उभे असतात. आता अक्षरांमधले अंतर थोडे कमी करून पाहा. पाय एकमेकांना टेकतात, तळाशी एक अखंड काळी पट्टी तयार होते आणि शब्द कुंपणासारखा दिसू लागतो. याच अडचणीमुळे जड वजनाच्या स्लॅबमध्ये रचनाकार पुष्कळदा ‘एम’चा मधला पाय आखूड करतात किंवा गाळूनच टाकतात.

दुसरी चाचणी ‘मॉडर्न’ या इंग्रजी शब्दाची. त्यातले शेवटचे ‘आर’ आणि ‘एन’ जवळ आले की ‘आर’चा पाय ‘एन’च्या पायाला भिडतो, दोन्ही मिळून ‘एम’ दिसतात आणि वाचक ‘मोडेम’ वाचतो. सेरिफ नसलेल्या फाँटमध्येही ही चूक होते, पण स्लॅबमध्ये ती अधिक लवकर होते.

यावरून मजकुराच्या आकारात अक्षरांमधले अंतर कधीही कमी करू नये. मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकिंग (अक्षरांमधल्या अंतराचा आकडा) शून्यावर ठेवावे किंवा ५ ते १० ने वाढवावे. मोठ्या मथळ्यात इतर फाँटमध्ये अक्षरे घट्ट बसवण्याची रीत आहे, ती इथे उणे १० च्या पलीकडे नेऊ नये. सगळी अक्षरे कॅपिटल असतील तर ४० ते ६० ची वाढ द्यावी. कॅपिटल ‘ए’च्या शेजारी ‘व्ही’ आले तर मात्र उलट अडचण येते: एरवी ही दोन तिरपी अक्षरे एकमेकांच्या कुशीत सरकतात, पण इथे पायांचे ठोकळे मध्ये येत असल्याने त्यांच्यात पोकळी राहते. ती पोकळी पुरती भरून निघत नाही. तिच्या मापाने उरलेल्या अक्षरांत किंचित सैलपणा आणावा, म्हणजे ती खुपत नाही.

ओळींमधले अंतरही थोडे सढळ हवे. प्रत्येक ओळीच्या तळाशी पायांची गडद रांग असल्याने डोळा ओळ धरून सहज चालतो, पण ओळी जवळ आल्या की त्या रांगा पानावर आडवे पट्टे उमटवतात. ११ पॉइंटांच्या मजकुराला १६ पॉइंटांचे लीडिंग (एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंतचे अंतर) मला योग्य वाटते, आणि ओळीत ४५ ते ७५ अक्षरे हे सर्वमान्य माप इथेही चालते.

पाचवी पायरी: सोबती निवडा

पानावर एकच स्लॅब असावा. दोन वेगवेगळे स्लॅब शेजारी ठेवले तर ते भांडतातही नाहीत आणि जुळतही नाहीत. वाचकाला नुसते काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. सोबतीला सेरिफ नसलेला फाँट घ्यावा, आणि जोडी जमवताना दोघांचे सांगाडे पाहावेत. एड्रियन फ्रुटिगर यांनी १९६७ मध्ये सेरिफा हा स्लॅब आपल्याच युनिव्हर्सच्या सांगाड्यावर उभा केला, म्हणून ते दोन एकत्र सहज नांदतात. रोबोटो आणि रोबोटो स्लॅब यांचेही तसेच आहे. तयार जोडी नसेल तर लहान अक्षरांची उंची आणि ‘ओ’चा आकार या दोन गोष्टी जुळतात का ते पाहावे, बाकीचे निभावून जाते.

देवनागरी मजकुरात इंग्रजी शब्द स्लॅबमध्ये येणार असेल तर पायांची जाडी शिरोरेघेच्या जाडीशी ताडून पाहावी. देवनागरीचा आडवा भार वरच्या रेघेवर असतो, तर स्लॅबचा भार वर-खाली दोन्हीकडे विभागलेला असतो, त्यामुळे समान वजनाचा आकडा दिला तरी स्लॅबचा शब्द पुष्कळदा अधिक काळा दिसतो. अशा वेळी स्लॅबचे वजन एका पायरीने आणि आकार अर्ध्या पॉइंटाने उतरवावा. देवनागरी अक्षरांनाही पाय जोडून ‘स्लॅब’ बनवण्याचे प्रयोग अधूनमधून दिसतात. ज्या लिपीत अक्षर रेघेला टांगलेले असते तिथे खाली ठोकळे बसवले की अक्षर अडखळल्यासारखे वाटते, असे मला वाटते.

सहावी पायरी: फाइल घेण्याआधी

इटॅलिक, म्हणजे तिरकी अक्षरे, आहे का ते तपासा. रोबोटो स्लॅबला इटॅलिक नाही. बटण दाबले तर संगणक सरळ अक्षरच तिरके ढकलतो आणि ठोकळ्यांचे पाय घसरल्यासारखे दिसतात. मजकुरात पुस्तकांची नावे किंवा परभाषेतले शब्द तिरक्या अक्षरांत येणार असतील तर बिटर किंवा झिला स्लॅब घ्यावा, कारण त्यांत इटॅलिक स्वतंत्रपणे आखलेले आहे. ही तिन्ही नावे मुक्त परवान्याची आहेत आणि छापील व पडद्यावरच्या दोन्ही कामांना चालतात. रॉकवेल मात्र विकतच्या परवान्याचा आहे. तो संगणकावर आधीच दिसतो म्हणून संकेतस्थळावर चढवण्याची मुभा मिळाली असे होत नाही.

सातवी पायरी: कागदावर तपासा

पडद्यावरचे पान मूळ मापात छापा, उलटे धरा आणि डोळे किंचित मिटून पाहा. उलटे धरल्याने शब्द वाचले जात नाहीत आणि फक्त काळ्या-पांढऱ्याचे प्रमाण दिसते. पानाचा राखाडीपणा सगळीकडे सारखा असेल तर मांडणी बसली. कुठे गडद ठिपका उठून दिसला तर तिथे बोटाने खूण करा, पान सरळ करा आणि खुणेच्या जागी काय आहे ते पाहा: अक्षराची पोकळी बुजलेली असेल तर तिसऱ्या पायरीकडे जाऊन वजन उतरवावे, पाय एकमेकांना चिकटलेले असतील तर चौथीकडे जाऊन अंतर वाढवावे, आणि दोन्ही ठीक असून डाग तसाच राहत असेल तर तो शब्द स्लॅबमधून काढून सोबतीच्या फाँटमध्ये टाकावा.